यमूला बोलू देणारे हरिभाऊ



परीक्षा जवळ आल्या की आपल्या मुलांच्या इंग्रजीच्या वहीत तीन शब्द हमखास दिसतात: लिटररी डिव्हाइसेस, टेक्स्ट स्ट्रक्चर आणि पॉइंट ऑफ व्ह्यू. मुले व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. 'फर्स्ट पर्सन' म्हणजे 'मी'ने सांगितलेली गोष्ट, 'थर्ड पर्सन' म्हणजे 'तो' किंवा 'ती'ची गोष्ट. पण लेखकाने 'मी' का निवडला, 'ती' का नाही, असे विचारले की गाडी अडते. आम्ही कुरुममधली चार-पाच घरे शुक्रवारी सकाळी मुलांना एकत्र बसवून थोडे मराठी वाचतो. तिथे हाच प्रश्न निघाला तेव्हा आम्हाला एक नाव आठवले, हरी नारायण आपटे. या तिन्ही गोष्टी या माणसाने कुठल्या गाइडमधून पाठ केल्या नव्हत्या. दर आठवड्याला छापखान्याला मजकूर पुरवता पुरवता त्या त्याच्या हाती आल्या, आणि त्यातल्या एका निवडीने मराठी घरांतली एक दडपलेली गोष्ट चारचौघांत आली. म्हणून या वेळी हरिभाऊंची ओळख.

पारोळे ते पुणे

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्याचा. आज ८ मार्च म्हटले की महिला दिन आठवतो. हा निव्वळ योगायोग, पण पुढची हकिकत वाचल्यावर तो तुम्हालाही आवडेल. बालपण मुंबईत गेले आणि मग कुटुंब पुण्याला आले. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे नामांकित वकील होते. संस्कृत पोथ्या जमवून जपाव्यात आणि छापाव्यात म्हणून त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. तिची जुन्या ग्रंथांची मालिका अभ्यासकांना आजही ठाऊक आहे.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढच्याच वर्षी गोपाळ गणेश आगरकर तिथे आले. हरिभाऊ या शाळेचे विद्यार्थी. म्हणजे एकाच शाळेत चिपळूणकरांची धारदार मराठी, टिळकांचे गणित व संस्कृत आणि आगरकरांचा सुधारक विचार! असा शिक्षकवर्ग मिळाला तर कुठल्या पालकाला नको होईल?

१८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी गुरूच्या शोकात 'शिष्यजनविलाप' ही कविता रचली. पुढच्या वर्षी आगरकरांचे 'विकारविलसित' आले. ते शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे मराठी रूप. हरिभाऊंनी त्यावर लांबलचक परीक्षण लिहिले आणि ते 'निबंधचंद्रिके'त छापून आले. विशीच्या आसपासचा विद्यार्थी, भाषांतर खुद्द आपल्या शिक्षकांचे, आणि तो मूळ नाटक शेजारी ठेवून तपासणी करतो! आपल्या मुलांना 'क्रिटिकल रिव्ह्यू' लिहायला सांगतात तेव्हा हे उदाहरण जरूर सांगावे. आदर ठेवूनही तपासता येते, किंबहुना नीट तपासणे हाच आदराचा एक प्रकार आहे.

आता आमच्यासारख्या इंजिनिअर मंडळींना गंमत वाटेल अशी गोष्ट. हरिभाऊ १८८३ ला मॅट्रिक झाले, आधी डेक्कन आणि मग फर्ग्युसन कॉलेजात गेले, पण पदवी काही मिळाली नाही. गणिताशी त्यांचे जमले नाही. इंग्रजी आणि संस्कृत वाङ्मयाचा मात्र त्यांनी फडशा पाडला. स्कॉट, डिकन्स, रेनॉल्ड्स, शेक्सपिअर, कालिदास, भवभूती, सगळे वाचून काढले. पदवीवाचून राहिलेल्या या माणसाला १९१५ साली मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेवरची विल्सन व्याख्याने द्यायला बोलावले. आपल्याकडे टक्क्यांवरून घराघरांत जी युद्धे होतात त्यात हा दाखला कामाला येईल. (गणित सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही बरे का!)

'मधली स्थिति'

१८८५ साली 'पुणे वैभव' या पत्रातून हरिभाऊंची पहिली कादंबरी क्रमशः येऊ लागली, 'मधली स्थिति'. तिच्यावर रेनॉल्ड्सच्या लंडनमधल्या रहस्यकथांची छाया होती, पण माणसे पुण्याची होती. नावातच सगळे आले. जुने सुटलेले आणि नवे पुरते अंगवळणी न पडलेले असे इंग्रजी शिकलेले तरुण, त्यांची नाटके, त्यांची व्यसने, त्यांच्या घरातल्या बायकांचे हाल. हे नाव आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जरा जास्तच जवळचे वाटते. आपणही एका मधल्या स्थितीतच तर आहोत.

या कादंबरीचे महत्त्व समजायला त्याआधी काय होते ते पाहावे लागेल. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात, आणि तिचा विषय विधवांचे हाल हाच होता. त्यानंतर 'मुक्तामाला'सारख्या अद्भुतरम्य कथांची लाट आली. राजपुत्र, राजकन्या, जंगले, चमत्कारिक योगायोग. १८७१ ला गुंजीकरांची 'मोचनगड' शिवकाळात गेली. पण आपल्या शेजारच्या वाड्यात, माजघरात, स्वयंपाकघरात काय चालले आहे हे त्या घरातल्या भाषेत सांगणारी कादंबरी अजून रुजायची होती. ते काम हरिभाऊंनी केले.

दर आठवड्याला एक हप्ता

१८९० साली हरिभाऊंनी स्वतःचे साप्ताहिक काढले, 'करमणूक'. तेव्हाची बहुतेक पत्रे राजकारणाने आणि वादविवादाने भरलेली असत. घरातल्या सर्वांनी, विशेषतः नुकत्याच वाचायला शिकलेल्या बायकामुलांनी वाचावे असे फारसे काही नव्हते. 'करमणुकी'त गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती, चुटके आणि क्रमशः कादंबरी असे. नाव करमणुकीचे, पण रमवता रमवता शहाणे करायचे हा बेत. हे साप्ताहिक १९१७ पर्यंत चालले, म्हणजे सत्तावीस वर्षे. मंडळाचे एक वार्षिक अंक काढताना लेख गोळा करण्यात आपल्या नाकी नऊ येतात, मग दर आठवड्याचे काय झाले असेल याचा विचार करा.

मुलांना 'टेक्स्ट स्ट्रक्चर' शिकवायचे असेल तर इथेच थांबून शिकवावे. एका बैठकीत वाचायची कादंबरी आणि तीन वर्षे हप्त्याहप्त्याने यायची कादंबरी यांची बांधणी एकसारखी असू शकत नाही. हप्त्याच्या शेवटी वाचकाला पुढच्या आठवड्याची ओढ लागली पाहिजे, म्हणून प्रकरण अशा जागी तोडायचे की जीव टांगणीला लागावा. मधला एखादा अंक चुकलेल्याला धागा सापडावा म्हणून मागचे थोडे पुन्हा सांगायचे. पात्रे पुष्कळ असली तर प्रत्येकाची बोलण्याची लकब वेगळी ठेवायची, म्हणजे महिनाभराने भेटले तरी वाचक ओळखेल. आजच्या मालिका आणि वेब सिरीज हेच करतात.

या बांधणीचे तोटेही हरिभाऊंच्या लेखनात स्पष्ट दिसतात. पाल्हाळ हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप, आणि तो खरा आहे. लेखक मधेच थांबून वाचकाशी गप्पा मारतो, उपदेश करतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जे दर आठवड्याच्या रिलीजचे होते तेच इथेही होते. एकदा ग्राहकाच्या हाती गेले की मागचे प्रकरण बदलता येत नाही, पुढच्यात सांभाळून घ्यावे लागते. 'गणपतराव', 'मायेचा बाजार', 'सूर्यग्रहण' अशा काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. पण ज्या पूर्ण झाल्या त्यांनी मराठी वाचक घडवला.

बोलतो कोण?

'करमणुकी'तून १८९० ते १८९३ या काळात आली 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊंचे नाव आज टिकून आहे ते मुख्यतः या पुस्तकामुळे.

आधी तो काळ आठवू या. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण कागदावर. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांतून नवरा गेलेल्या मुलीचे केशवपन करत, म्हणजे तिचे डोके भादरून तिला लाल आलवण नेसवून कोपऱ्यात बसवत. मुलगी बारा-पंधरा वर्षांची असली तरी! १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत असे त्यांनी ठरवले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. एवढ्यासाठी पुण्यात केवढे रण माजले! बाजूने आणि विरुद्ध सभा, लेख, शिव्याशाप. हरिभाऊंचे गुरूच यात दोन बाजूंना होते. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट सहज विसरली जात होती. ज्यांच्याविषयी हे चालले होते त्या मुलींचे काय म्हणणे होते? सभेत पुरुष, संपादक पुरुष, कायदा करणारे पुरुष. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून खडसावले होते खरे, पण असा आवाज विरळाच.

हरिभाऊंना यावर पुस्तक लिहायचे होते. समोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे लेखकाने वरून पाहत, यमुना नावाची मुलगी होती, तिला असा त्रास झाला, असे 'ती'ने सांगायचे. दुसरी म्हणजे यमुनेलाच बोलू द्यायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. यमू स्वतःची हकिकत स्वतः लिहिते आहे अशी सगळी कादंबरी आहे. मराठी कादंबरीत बाईचा 'मी' एवढ्या विस्ताराने प्रथमच आला.

त्याने काय फरक पडला? आम्ही मुलांना असे समजावून सांगतो. 'ती'ची गोष्ट ऐकताना आपण खिडकीबाहेरून पाहतो. वाईट वाटते, पण आपण बाहेरच असतो, आणि न्याय द्यायचे काम आपल्याकडे येते. 'मी'ची गोष्ट ऐकताना आपण त्या घरात जाऊन बसतो. यमूची सुरुवात भातुकलीने, भावाबरोबरच्या भांडणांनी, आईच्या मायेने होते. वाचक तिच्याशी आधी हसतो. तिचे दादावरचे प्रेम, वडिलांचा धाक, आई गेल्यावर घरात आलेली सावत्र आई हे सगळे तिच्या डोळ्यांनी पाहतो. मग लग्न. नवरा रघुनाथराव शिकलेला आणि समजूतदार. तो तिला वाचायला-लिहायला उत्तेजन देतो. मुंबईत बिऱ्हाड होते आणि सासरच्या जाचातून काही काळ तिला मोकळा श्वास मिळतो. आणि नेमका तेव्हा तो जातो. त्यानंतर शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे बळजबरीने केशवपन होते. तोवर शेकडो पाने वाचक तिच्याबरोबर राहिलेला असतो. ती आता 'विधवांचा प्रश्न' राहिलेली नसते, आपली यमू झालेली असते. ज्या वाचकाच्या घरात अशीच एखादी मुलगी माजघरात बसली होती, त्याला पुस्तक मिटून तिच्याकडे पाहावेच लागले असणार.

आणखी एक बारकावा मोठ्या मुलांनी लक्षात घ्यावा. या कादंबरीत यमू दोन आहेत. एक भातुकली खेळणारी, जिला पुढचे काहीच ठाऊक नाही. दुसरी हे सगळे भोगून झाल्यावर लिहायला बसलेली, जिला शेवट माहीत आहे. त्यामुळे अगदी हसऱ्या प्रसंगावरही सावली पडते. इंग्रजीच्या तासाला ज्याला 'फ्लॅशबॅक' आणि 'फोरशॅडोइंग' म्हणतात त्या दोन्ही गोष्टी या एकाच निवडीतून येतात, वेगळ्या आणाव्या लागत नाहीत.

तीच गोष्ट भाषेची. यमू, तिची आजी, सासू, मैत्रीण दुर्गी या पुण्याच्या वाड्यात खरोखर बोलत तसेच बोलतात. संस्कृत शब्दांनी मढवलेली मराठी तिथे चालली नसती. बाई बोलते आहे असे दाखवायचे आणि भाषा पंडिताची द्यायची, तर वाचकाने एका पानात ओळखले असते.

पुस्तक पूर्ण झाले त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि त्याबद्दल बहिष्कार सोसला. १८९६ ला कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. एका कादंबरीने हे घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण कायदा, आश्रम, सभा या सगळ्यांबरोबर लोकांच्या मनाची जमीन नांगरायचे काम अशा लेखनाने केले, यात शंका नाही.

मुलांचा अवघड प्रश्न

आमच्या शुक्रवारच्या घोळक्यात एका मुलीने विचारले की बाईची गोष्ट पुरुषाने 'मी' म्हणून का सांगायची? बायका का नाही लिहीत होत्या? प्रश्न टाळण्यासारखा नाही. बायका लिहू लागल्या होत्या. काशीबाई कानिटकर हे त्यातले मोठे नाव. त्यांनी डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, कादंबरी लिहिली. त्यांची आणि हरिभाऊंची वाङ्मयीन मैत्री प्रसिद्ध आहे. त्या काळी एका बाईने परपुरुषाशी पुस्तकांविषयी बोलणे, पत्रे लिहिणे हेच धाडसाचे होते. १९१० साली रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आले. तो खरा, जगलेला 'मी' होता.

म्हणून यमूचा 'मी' उसना आहे हे खरे. हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांचे जगही मुख्यतः पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे. त्यांनी ती चौकट ओलांडली ती दुष्काळावरच्या 'काळ तर मोठा कठीण आला' या कथेत. तिथे रामजी नावाचा शेतकरी आणि त्याचे उपाशी कुटुंब आहे. 'रामजी' याच नावाने तिचे इंग्रजी रूप १८९७ साली लंडनला छापले गेले. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे आणि दुसऱ्याला त्याच्या जागेवरून बोलू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पायरी हरिभाऊंनी घातली, दुसरी पुढच्या लेखिकांनी आणि दलित-ग्रामीण लेखकांनी. दृष्टिकोनाचा धडा नुसता परीक्षेपुरता नाही तो यासाठी.

'मी', 'गड' आणि 'वज्राघात'

१८९३ ते ९५ मध्ये हरिभाऊंनी आणखी एक आत्मकथनपर कादंबरी लिहिली. नाव एकाच अक्षराचे, 'मी'. नायक भावानंद, आणि तो स्वतःचे सगळे मीपण देशकार्याला वाहून टाकणारा! ज्याच्यात 'मी' उरलाच नाही त्याच्या चरित्राचे नाव 'मी'. यालाच मुलांच्या वहीत 'आयरनी' म्हणतात. 'पण लक्षात कोण घेतो' हे नावही तसेच पाहा. तो प्रश्न आहे, पण उत्तर मिळवण्यासाठी विचारलेला नाही. उत्तर विचारणाराला आणि वाचणाराला दोघांनाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो बोचतो.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र हरिभाऊ 'मी' बाजूला ठेवतात. 'उषःकाल' (१८९५-९७) शिवरायांच्या उदयाची, 'गड आला पण सिंह गेला' (१९०३-०४) तानाजीची, आणि 'वज्राघात' (१९१३-१५) विजयनगरच्या पाडावाची. तिथे अनेक गड, अनेक फौजा, दोन्ही बाजूंचे डाव दाखवायचे असतात. एकाच माणसाच्या डोळ्यांनी ते दिसणार नाही, म्हणून सगळीकडे फिरणारा, सगळे जाणणारा निवेदक हवा. शिवाय इथे एक वेगळीच करामत साधते. कोंढाण्यावर तानाजी पडणार हे पुस्तकाच्या नावातच सांगून टाकले आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर बुडणार हे वाचकाला शाळेतच कळलेले असते. पात्रांना ते कळलेले नसते. लग्नाची तयारी चालली आहे, बेत आखले जात आहेत, आणि आपल्याला मात्र शेवट माहीत आहे. 'ड्रॅमॅटिक आयरनी' शिकवायला याहून सोपे मराठी उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

थोडक्यात, एकच लेखक, पण घर दाखवायचे तेव्हा 'मी' आणि रणांगण दाखवायचे तेव्हा 'तो'. जे दाखवायचे त्याप्रमाणे उभे राहायची जागा निवडली.

ओमानी घरातली गोष्ट

हा प्रश्न फक्त आपला किंवा जुना नाही. आपण ज्या देशात राहतो तिथल्या लेखिका जोखा अल्हार्थी यांच्या 'सय्यिदात अल-कमर' या २०१० च्या कादंबरीचे मॅरिलिन बूथ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 'सेलेस्टियल बॉडीज' नावाने आले आणि २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. अरबी भाषेतून आलेल्या पुस्तकाला हे पारितोषिक प्रथमच मिळाले. त्यात अब्दुल्ला नावाचा व्यापारी विमानात बसून 'मी' म्हणत स्वतःच्या आठवणी सांगतो, आणि बाकीच्या माणसांच्या, तीन बहिणींच्या, एके काळच्या गुलाम बाईच्या गोष्टी 'ती' म्हणून येतात. दोन्ही प्रकार एकाआड एक. ओमानी घर, लग्ने, गुलामी, बदलता काळ. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे पुस्तक आणि हरिभाऊंची यमू शेजारी ठेवून पाहावी. सव्वाशे वर्षांचे आणि एका समुद्राचे अंतर, पण बोलायचे कोणी हा प्रश्न तोच.

शेवटची वर्षे

१८९४ साली काका वारल्यावर आनंदाश्रमाचा कारभार हरिभाऊंकडे आला आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाहिला. दिवसा पोथ्यांची छपाई, रात्री कादंबरीचे प्रकरण. शिवाय पुणे नगरपालिकेचे काम. तिचे ते अध्यक्षही झाले. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे स्नेही. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 'विदग्ध वाङ्मय' या विषयावरच्या व्याख्यानात त्यांनी ललित साहित्य म्हणजे काय याचा ऊहापोह केला. रवींद्रनाथांची गीतांजली त्यांनी १९१७ मध्ये मराठीत आणली. 'स्फुट गोष्टी' या नावाने निघालेल्या त्यांच्या छोट्या कथांनी मराठी लघुकथेचा पाया घातला.

३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊ गेले. पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस कमी होते.

घरी करून पाहण्यासारखे

त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली, त्यामुळे त्यांची पुस्तके आता हक्कमुक्त आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. जुनी मराठी मुलांना जड जाते, हे आम्ही रोज अनुभवतो. म्हणून एकदम पुस्तक हाती देऊ नका. यमूच्या लहानपणाचे एखादे प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगा आणि पुढे चला. केशवपनाचा भाग मोठ्या मुलांसाठीच ठेवा, आणि तो वाचताना जवळ बसा.

मग एक छोटा खेळ घ्या. तोच प्रसंग मुलांना यमूच्या सासूच्या तोंडून लिहायला सांगा, मग दादाच्या तोंडून. दहा ओळी पुरेत, मराठीत जमले नाही तर मिसळ भाषेत चालेल. आमच्याकडे एका दहा वर्षांच्या मुलाने सासूकडून लिहिले तेव्हा तिलाही भीती वाटत होती असे त्याने लिहिले. लोक काय म्हणतील याची भीती. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. सासूच्या जागी उभे राहिल्यावर ते त्याला आपसूक दिसले.

गुण परीक्षेत मिळतीलच. पण पुढे आपली मुले अनेक देशांत, अनेक तऱ्हेच्या माणसांत राहणार आहेत. या गोष्टीत बोलतो कोण आणि गप्प कोण बसले आहे, एवढे विचारायची सवय त्यांना लागली, तरी हरिभाऊंची सत्तावीस वर्षांची साप्ताहिक मेहनत आपल्या घरापर्यंत पोहोचली असे समजू या. तुमच्या घरी हा खेळ खेळलात तर मुलांनी काय लिहिले ते आम्हाला भेटल्यावर नक्की सांगा!